शोधयंत्रांत आपलें दुकान सांपडावें कसें?



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां नवा आहे, पण त्याच्या पोटांतील प्रश्न फार जुना आहे. माल चांगला, भाव रास्त, दुकानदार सचोटीचा. आणि तरीहि गिऱ्हाईक येत नाहीं, कारण दुकान कोठें आहे हेंच त्याला ठाऊक नाहीं. पूर्वीं ह्या प्रश्नाचें उत्तर आठवडी बाजारांत मिळे. ज्याची पथारी रस्त्याच्या तोंडाशीं, त्याचा माल दुपारपर्यंत संपे. ज्याच्या वांट्याला मागची चिंचेखालची जागा येई, तो सांजेस उरलेलें ओझें डोक्यावर घेऊन घरीं परते. आज एक दुसरा बाजार मोबाइलच्या वीतभर कांचेवर भरतो. तेथेंहि तोंडाची जागा आहे आणि मागची जागा आहे. गूगलसारख्या शोधयंत्रास कोणी एखादी वस्तु विचारली, म्हणजे तें एकाखालीं एक अशी नांवांची यादी दाखवितें, आणि बहुतेक माणसें वरचीं थोडीं नांवें पाहूनच थांबतात. आपल्या लहान धंद्याची वेबसाइट ह्या यादींत वर यावी म्हणून काय करतां येतें, काय करूं नये, आणि ह्या सर्वांच्या मागें कोणतें तत्त्व आहे, एवढें आज सांगण्याचा माझा विचार आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या आपल्या दोन वनजिल्ह्यांना हा विषय विशेष लागू पडतो. मोठ्या शहरांत जाणारा-येणारा दुकानाची पाटी वाचतो व आंत शिरतो. आपल्याकडे ताडोब्याच्या वाटेवरील निवासगृह, भद्रावतीचीं मातीचीं भांडीं, आरमोरीकडील कोसा, नागभीड-सिंदेवाहीकडील तांदूळ, रानांतला मध, बांबूचीं सुपें आणि टोपल्या, ह्यांचें खरें गिऱ्हाईक नागपूर, पुणें, मुंबई किंवा हैदराबाद येथें बसलेलें असतें. तें आपली पाटी कधींच वाचणार नाहीं. मधला दलाल मात्र दोघांनाहि ओळखतो, आणि ह्या ओळखीचा मोबदला तो दोघांकडूनहि घेतो. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा ह्या गांवास वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. ही गोष्ट मोठी खरी. पण विकण्याचा हक्क मिळणें आणि विकत घेणारा मिळणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्यानें मिळते. दुसरीसाठीं गिऱ्हाइकाला आपण सांपडावें लागतें.

आतां शोधयंत्र काम कसें करतें तें पाहूं. पुष्कळांची समजूत अशी आहे कीं आपण प्रश्न विचारला म्हणजे हें यंत्र त्या क्षणीं सर्व जगांत धांवतें व उत्तर शोधून आणतें. तसें नाहीं. त्याचें काम तीन पायऱ्यांनीं चालतें, आणि पहिल्या दोन पायऱ्या आपण प्रश्न विचारण्याच्या कितीतरी आधीं उरकलेल्या असतात.

पहिली पायरी फिरण्याची. शोधयंत्राचा एक यांत्रिक दूत, म्हणजे एक संगणकीय कार्यक्रम, अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर जात असतो. पानावर दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा दिसला कीं तो त्या वाटेनें पुढें जातो. जनगणनेचा कारकून जसा पायवाट दिसेल तिकडे जाऊन घरें मोजतो, तसाच हा प्रकार. ज्या घराला वाटच नाहीं, तें मोजणींतून सुटतें. ज्या वेबसाइटकडे कोणत्याहि पानावरून दुवा नाहीं, तीहि तशीच सुटूं शकते.

दुसरी पायरी सूची करण्याची. आपण जाड ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूची पाहतों. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे तें तेथें दिलेलें असतें. शोधयंत्र साऱ्या पाहिलेल्या पानांची अशीच एक अफाट शब्दसूची करून ठेवतें. ‘बांबू’ हा शब्द अमुक पानांवर, ‘टोपली’ हा अमुक पानांवर, ‘चंद्रपूर’ हा अमुक पानांवर. कोणी ‘बांबू टोपली चंद्रपूर’ असें विचारलें, म्हणजे तीनहि शब्दांच्या याद्या ताडून पाहिल्या जातात व तिन्हींत सामान्य असलेलीं पानें पुढें येतात.

तिसरी पायरी क्रम लावण्याची, आणि खरी परीक्षा येथेंच आहे. तिन्ही शब्द असलेलीं पानें हजार निघालीं, तर पहिलें कोणतें व हजारावें कोणतें? ह्या प्रश्नावर विद्वानांनीं बराच विचार केला. इंग्लंडांतील विदुषी कॅरेन स्पार्क जोन्स ह्यांनीं १९७२ सालीं एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. जो शब्द जिकडे तिकडे आढळतो, त्याचें शोधाच्या कामीं वजन थोडें. जो शब्द क्वचित् आढळतो, त्याचें वजन अधिक. ‘उत्तम’, ‘दर्जेदार’, ‘स्वस्त’ हे शब्द प्रत्येक दुकानदार लिहितो. म्हणून त्यांनीं कोणाचीच ओळख पटत नाहीं. ‘कोसा’, ‘सूप’, ‘मोहर्ली’ हे शब्द थोडे जण लिहितात. म्हणून त्यांनीं ओळख पटते. जाहिरातींत विशेषणांची खैरात करणाऱ्यांनीं हें तत्त्व मनांत कोरून ठेवावें.

दुसरी मोठी कल्पना लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्या अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांची. त्यांनीं १९९८ सालीं गूगल ही कंपनी काढली. त्यांचें म्हणणें असें कीं एका पानानें दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, म्हणजे ती एक शिफारस समजावी. विद्वान् लोक आपल्या ग्रंथांत ज्या ग्रंथाचा वारंवार आधार घेतात, तो ग्रंथ महत्त्वाचा मानतात. तोच न्याय येथें लावावयाचा. पण सर्व शिफारशी सारख्या नव्हेत. ज्याची स्वतःची पत मोठी, त्याची शिफारस मोठी. शिवाय जो सर्वांनाच चिठ्ठ्या वांटतो, त्याच्या चिठ्ठीची किंमत कमी. सोपा हिशेब करून सांगतों. एका पानाची पत दहा आहे व त्यानें दोघांकडेच दुवे दिले, तर प्रत्येकाच्या वांट्यास पांच येतात. दुसऱ्या पानाची पतहि दहाच आहे, पण त्यानें शंभरांना दुवे दिले. तर प्रत्येकास एकदशांशच मिळतो. गांवांत प्रतिष्ठित डॉक्टरानें दोनच औषधविक्रेत्यांचीं नांवें सांगावीं आणि रस्त्यावरच्या बडबड्यानें शंभर नांवें सांगावीं, ह्यांत जो फरक, तोच हा.

आज क्रम लावतांना शोधयंत्र ह्याशिवाय इतरहि अनेक गोष्टी पाहतें, आणि त्यांतील बऱ्याचशा तें उघड करीत नाहीं. परंतु वरील तत्त्वें ध्यानांत आलीं म्हणजे आपण काय करावें तें आपोआप उलगडत जातें. आतां तेंच क्रमानें घेऊं.

पहिली गोष्ट, आपलें पान यंत्रास वाचतां आलें पाहिजे. मराठी दुकानदारांची येथेंच मोठी फसगत होते. पुष्कळ जण छापखान्यांत तयार झालेलें रंगीत हस्तपत्रक घेतात व त्याचें चित्रच वेबसाइटवर चिकटवितात. डोळ्यांना तें सुबक दिसतें. पण यंत्राच्या दृष्टीनें तें प्रथम एक चित्र आहे, मजकूर नव्हे. दुसरी अडचण अक्षरांची. छापखान्यांत वर्षानुवर्षें चालत आलेल्या कृतिदेव, श्रीलिपी ह्यांसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत आपल्याला ‘बांबू’ असें दिसतें, पण आंत संगणकानें सांठविलेलीं असतात तीं निराळींच चिन्हें. यंत्र तीं चिन्हें वाचतें, आणि त्याला त्यांतून कांहींच अर्थबोध होत नाहीं. युनिकोड ह्या सर्वमान्य पद्धतीनें टंकलेला मजकूरच सूचींत नीट शिरतो. म्हणून मजकूर युनिकोडांत असावा, तो चित्रांत नसून पानावर अक्षररूपानें असावा, आणि जीं चित्रें घालावयाचीं त्यांस दोन-चार शब्दांचें वर्णन जोडावें. असें वर्णन अंध वाचकांच्याहि उपयोगी पडतें.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक ज्या नांवानें विचारतें तें नांव आपल्या पानावर असावें. आपल्याच जिल्ह्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण देतों. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे शेतकरी दादाजी खोब्रागडे ह्यांनीं स्वतःच्या शेतांतील वेगळ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षें जपून, तांदळाचा एक बारीक व रुचकर वाण सिद्ध केला. त्या वाणाला एका व्यापाऱ्यानें तेव्हां लोकप्रिय असलेल्या घड्याळाचें नांव दिलें: एच.एम.टी. दादाजी २०१८ सालीं निवर्तले. पण त्या नांवाचा तांदूळ आज दूरदूरच्या बाजारांत मागितला जातो. आतां समजा, नागभीडच्या एखाद्या तांदूळ-विक्रेत्यानें आपल्या पानावर ‘सर्वोत्कृष्ट प्रतीचें धान्य रास्त दरांत’ असें लिहिलें. पुण्याची गृहिणी ह्या शब्दांनीं कधीं शोधील काय? ती शोधील ‘एच.एम.टी. तांदूळ जुना दहा किलो घरपोच’. म्हणून पानावर तेच शब्द हवेत: वाणाचें नांव, जुना कीं नवा, पिशवीचें वजन, गांव आणि तालुका, माल कोठवर पोंचवितों. आपण आपल्या मालाला काय म्हणतों ह्यापेक्षां घेणारा त्याला काय म्हणतो, ह्याला येथें अधिक महत्त्व आहे.

गांवांच्या नांवांचीहि अशीच गंमत आहे. आपल्या भागांत एकाच ठिकाणाला दोन-दोन नांवें आहेत. गांव बल्लारपूर, पण रेल्वेचें स्टेशन बल्लारशाह. गांव भद्रावती, पण स्टेशन भांदक. गांव देसाईगंज, पण स्टेशन वडसा, आणि लोकांच्या तोंडींहि वडसाच. जिल्ह्याचें चांदा हें नांव जाऊन १९६४ सालीं चंद्रपूर झालें, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडीं चांदाच येतें. इंग्रजींत तर मोहर्लीचीं रूपें दोन-तीन होतात. झाडीपट्टीची एखादी नाटक-कंपनी घ्या. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला म्हणजे गांवोगांवचीं मंडळें नाटक ठरविण्यासाठीं वडशाची वाट धरतात. त्या कंपनीनें आपल्या पानावर केवळ ‘देसाईगंज’ लिहिलें, तर ‘वडसा झाडीपट्टी नाटक’ असें शोधणाऱ्या मंडळास ती दिसण्याचा संभव कमी झाला. दोन्ही नांवें सहज वाक्यांत यावींत: ‘देसाईगंज, म्हणजे वडसा स्टेशनाजवळ’. मराठींत नांवाचें रूपहि विभक्तीनें बदलतें. ‘चंद्रपुरांत’, ‘चंद्रपूरहून’ असे शब्द लिहितांना मूळ ‘चंद्रपूर’ हा शब्दहि एकदां तरी यावा. आणि गिऱ्हाईक हिंदी, इंग्रजी किंवा सिरोंच्याकडे तेलुगु बोलणारें असेल, तर त्या भाषेचें पान वेगळें करावें. एकाच पानावर तीन भाषांची खिचडी केली म्हणजे माणूस व यंत्र दोघेहि गोंधळतात.

परंतु येथें एक इशारा दिला पाहिजे. हें ऐकून कोणी एकच शब्द पानावर पन्नास वेळां लिहील, किंवा पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवून ठेवील. अशा चतुराईचे दिवस संपले. पूर्वीं पानाच्या पोटांत, वाचकास न दिसणाऱ्या जागीं, शोधशब्दांची माळ लिहिण्याची रीत होती. ती माळ आपण क्रम लावतांना विचारांतच घेत नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें. २०११ सालीं निकस व उसनवारीच्या मजकुराची पानें खालीं ढकलणारा, आणि २०१२ सालीं विकतच्या खोट्या शिफारशींवर उभीं असलेलीं पानें मागें टाकणारा, असे दोन मोठे बदल त्या कंपनीनें केले. ज्यांनीं लबाडीवर इमारत उभारली होती, त्यांचीं दुकानें थोड्याच दिवसांत यादीच्या तळाशीं गेलीं.

तिसरी गोष्ट, पानाचें शीर्षक. यादींत जें ठळक अक्षरांत दिसतें तें बहुधा पानाचें शीर्षक असतें, व त्याखालीं दोन ओळींचा सारांश असतो. पुष्कळ वेबसाइटींच्या प्रत्येक पानाचें शीर्षक ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘स्वागत असो’ एवढेंच असतें. हें म्हणजे शाळेंतील सर्व वह्यांवर ‘वही’ एवढेंच लिहिण्यासारखें झालें. प्रत्येक पानाला स्वतःचें, आटोपशीर, आंतील मजकूर सांगणारें शीर्षक द्यावें. ‘मोहर्ली दरवाजाजवळ कुटुंबासाठीं निवास व घरचें जेवण’ असें शीर्षक वाचणाऱ्याला आंत काय आहे तें लगेच कळतें.

चौथी गोष्ट, मजकूर असा असावा कीं ज्यानें विचारणाऱ्याचें काम होईल. ताडोब्यास येणाऱ्या पाहुण्याच्या मनांत कोणते प्रश्न असतात? कोणत्या दरवाज्याजवळ हें निवासगृह आहे? चंद्रपूर स्टेशनापासून किती दूर? पहांटेच्या सफारीस निघण्यापूर्वीं चहा मिळेल काय? पावसाळ्यांत, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचें जंगल बंद असतें तेव्हां काय पाहतां येईल? मोबाइलला जाळें कोणत्या कंपनीचें मिळतें? सफारीचें आरक्षण शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधीं करावें लागतें, हें आपण सांगतों काय? ह्या प्रश्नांचीं खरीं उत्तरें तेथें राहणाऱ्या माणसाइतकीं मुंबईच्या कोणत्याहि मोठ्या कंपनीस देतां येणार नाहींत. लहान धंद्याचें बळ हेंच. दुसऱ्याच्या पानावरून उतरवून घेतलेला मजकूर शाळेंतील नक्कल केलेल्या उत्तरासारखा असतो. तपासणाऱ्याला तो ओळखूं येतो, आणि गुण मूळ लिहिणाऱ्यास जातात.

पांचवी गोष्ट, पान हलकें असावें. आज गूगल वेबसाइटचें मोबाइलवर दिसणारें रूपच मुख्य धरून सूची करतें. एटापल्ली-भामरागडच्या रानांत, किंवा रेल्वेच्या डब्यांत बसून, कमजोर जाळ्यावर कोणी पान उघडलें आणि तें उघडावयास अर्धा मिनिट लागला, तर तो मागें फिरतो. कॅमेऱ्यांतून निघालेलें प्रचंड छायाचित्र जसेंच्या तसें चढवूं नये. तें लहान करून चढवावें. आपोआप सुरू होणारें गाणें, नाचणारीं अक्षरें, वाटेंत आडवी येणारी जाहिरात, हीं सर्व काढून टाकावींत. दूरध्वनीचा क्रमांक अक्षरांत असावा, म्हणजे बोट लावतांच तो फिरतो. वेबसाइटचा पत्ता सुरक्षित पद्धतीचा असावा. २०१४ सालापासून गूगल त्याचाहि थोडासा विचार क्रमांत करतें.

सहावी गोष्ट, नकाशावरील नोंद. लहान धंद्यास वेबसाइटपेक्षांहि हिचा उपयोग कित्येकदां अधिक होतो, आणि तिला पैसा पडत नाहीं. गूगलच्या नकाशावर आपल्या धंद्याची नोंद करून, ती आपलीच आहे हें पडताळून द्यावयाचें असतें. अशा नोंदींचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असें ती कंपनी स्वतःच सांगते: विचारलेल्या गोष्टीशीं आपला संबंध किती, विचारणाऱ्यापासून आपण किती दूर, आणि आपली ख्याति किती. अंतर आपल्या हातीं नाहीं. बाकीच्या दोन गोष्टी आहेत. म्हणून धंद्याचा प्रकार नेमका निवडावा, उघडण्या-मिटण्याच्या वेळा खऱ्या लिहाव्या, सणासुदीस बदलल्या तर तेथेंहि बदलाव्या, आणि नकाशावरील खूण बरोबर आपल्या दारावर आहे कीं नाहीं तें स्वतः चालून पाहावें. जंगलाच्या मुलुखांत खूण दोन किलोमीटर चुकली, तर पाहुणा रात्रीच्या वेळीं भलत्याच रस्त्याला लागतो. दुकानाचें नांव, पत्ता व दूरध्वनि वेबसाइटवर, नकाशावर व इतर सर्वत्र अगदीं एकसारखा असावा. गिऱ्हाइकांचे अभिप्राय मागावेत, पण विकत घेऊं नयेत. तें नियमाविरुद्ध आहे. वाईट अभिप्राय आला, तर सौम्य शब्दांत उत्तर द्यावें. पुढचें गिऱ्हाईक तक्रार वाचतें, तसेंच उत्तरहि वाचतें.

सातवी गोष्ट, शिफारशी. त्या प्रामाणिकपणें कशा मिळवाव्या? आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयानें बांबूकामाचें शिबीर घेतलें व त्यांत आपण शिकविलें, तर त्यांच्या पानावर आपला उल्लेख व दुवा मागावा. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथें बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. अशा संस्थेंतून शिकलेल्या कारागिरांच्या यादींत नांव येत असेल, तर तें यावें असा प्रयत्न करावा. वर्तमानपत्रानें आपल्याविषयीं लिहिलें, तर त्यांत पत्ता बरोबर छापला आहे कीं नाहीं हें पाहावें. मडकीं करणाऱ्यानें कोसा विणणाऱ्याकडे व निवासगृहवाल्यानें दोघांकडे पाहुणे पाठवावे, आणि आपापल्या पानांवर एकमेकांची खरी ओळख द्यावी. अशा पांच दुव्यांचें मोल विकतच्या पांचशेंहून अधिक आहे.

आतां फसवणुकीविषयीं दोन शब्द. माझा एक जुना विद्यार्थी बांबूच्या वस्तूंचें लहानसें दुकान चालवितो. एकदां तो एका मध्यस्थाचा छापील कागद घेऊन मजकडे आला. ‘एका महिन्यांत गूगलवर पहिला क्रमांक, हमखास’ असें त्यावर होतें, आणि खालीं मागितलेली रक्कम त्याच्या कित्येक महिन्यांच्या नफ्याइतकी होती. मी त्याला म्हटलें, “अरे, पहिला क्रमांक कोणत्या शब्दांसाठीं, तें विचारलेंस का?”

तो म्हणाला, “नाहीं, गुरुजी.”

त्यानें विचारून घेतलें, तेव्हां उत्तर आलें: दुकानाच्या पूर्ण नांवासाठीं. त्या नांवाचें दुसरें दुकान जगांत नाहीं. तें नांव घातल्यास त्याचें पान आधींच पहिलें येत होतें. ज्याला दुकानाचें नांव ठाऊकच आहे त्याला पुन्हा दुकान दाखविण्याचे हे पैसे. पुढें आणखी एक गोष्ट उघडकीस आली. त्याच्या वेबसाइटचा पत्ता पूर्वीच्या दुसऱ्या एका मध्यस्थानें स्वतःच्याच नांवें नोंदवून ठेवला होता. त्याच्याशीं बेबनाव झाला असता, तर छापलेलीं सर्व कार्डें कचऱ्यांत गेलीं असतीं. तो पत्ता आपल्या नांवावर करून घेण्यास ह्या मुलाला तीन महिने खेटे घालावे लागले.

म्हणून मदतनीस नेमतांना तीन प्रश्न विचारावे. पहिला क्रमांक कोणत्या शब्दांसाठीं, आणि ते शब्द खरोखर कोणी शोधतें काय? तुम्ही नेमकें कोणतें काम करणार, तें लेखी द्याल काय? वेबसाइटचा पत्ता, नकाशावरील नोंद व त्यांच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्या नांवें राहतील काय? पहिल्या क्रमांकाची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं, असें गूगलनें स्वतःच सांगून ठेवलें आहे. यादीच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ असें लिहिलेलीं नांवें येतात, ती पैसे देऊन घेतलेली जाहिरात होय. तिच्यांत गैर कांहीं नाहीं. पण पैसे थांबले कीं ती जागा जाते, आणि जाहिरात दिल्यानें खालच्या यादींतील आपला क्रम सुधारत नाहीं.

केलेल्या श्रमांचें फळ मोजावें कसें? आपल्याच मोबाइलवर आपलेंच नांव शोधून समाधान मानूं नये. शोधणारा कोठें उभा आहे आणि त्यानें पूर्वीं काय पाहिलें आहे, ह्यावरून यादी बदलते. प्रथम आपलें पान सूचींत आहे कीं नाहीं तें पाहावें. त्यासाठीं शोधाच्या रकान्यांत ‘साइट’ हा शब्द रोमन लिपींत लिहावा, त्याला लागून विसर्गासारखीं दोन टिंबें द्यावींत, व मोकळी जागा न सोडतां आपला पत्ता लिहावा. सूचींत असलेलीं आपलीं पानें तेवढीं दिसतात. त्याहून चांगलें साधन म्हणजे गूगलचें ‘सर्च कन्सोल’. तें फुकट आहे. लोकांनीं कोणते शब्द घातले असतां आपलें पान दिसलें, किती वेळां दिसलें, व किती जणांनीं तें उघडलें, ह्याचा जमाखर्च तेथें मिळतो. आपल्या सर्व पानांची यादीहि तेथून यंत्राकडे पाठवितां येते, म्हणजे वाटेअभावीं पान सुटण्याचें भय उरत नाहीं. महिन्यांतून एकदां हा जमाखर्च पाहावा. एखादें पान पुष्कळ वेळां दिसतें पण कोणी उघडीत नाहीं, तर शीर्षक सुधारावें. पुष्कळ जण उघडतात पण दूरध्वनि करीत नाहींत, तर मजकुरांत किंवा भावांत उणें आहे असें समजावें. बदलाचें फळ दिसावयास आठवडे, कधीं महिनेहि लागतात. पेरल्याच्या दुसऱ्या दिवशीं माती उकरून पाहणारा शेतकरी जितका शहाणा, तितकाच रोज क्रमांक पाहणारा दुकानदार.

एक नवी गोष्टहि सांगितली पाहिजे. २०२४ सालापासून आपल्या देशांतहि गूगल कित्येक प्रश्नांना यादीच्या वर स्वतःच कृत्रिम बुद्धीनें रचलेलें थोडक्यांत उत्तर देऊं लागलें आहे. त्यामुळें साधी माहिती हवी असलेला मनुष्य कोणत्याच पानावर न जातां परत फिरण्याचा संभव वाढला. लहान धंद्यानें ह्यानें खचून जाण्याचें कारण नाहीं. ताडोबा कोठें आहे हें यंत्र सांगूं शकेल. पण आपल्या घरची चुलीवरची भाकर आणि येत्या शनिवारीं खोली रिकामी आहे कीं नाहीं, हें आपल्यालाच विचारावें लागेल. जी गोष्ट केवळ आपल्याजवळ आहे, ती स्पष्ट लिहून ठेवणें हाच त्यावरील उपाय.

शेवटीं मर्यादाहि सांगतों. यादींतील वरची जागा म्हणजे बाजाराच्या तोंडची पथारी, इतकेंच. तेथें गिऱ्हाईक थांबेल. पण टोपलीचा कांठ सुटत असेल, तांदळांत खडे असतील, तर तें दुसऱ्यांदा येणार नाहीं, आणि इतरांनाहि येऊं देणार नाहीं. आपल्या वनजिल्ह्यांतल्या कारागिराच्या हातांत कसब आहे, शेतकऱ्याच्या घरांत अस्सल धान्य आहे. उणीव आहे ती स्वतःचें नांव, गांव आणि माल नीट अक्षरांत मांडण्याची. हें काम भांडवलाचें नव्हे, लेखनाचें आहे. घरांतील शाळेंत जाणारी मुलगी किंवा मुलगा हें करूं शकेल. ह्या आठवड्यांत एवढेंच करावें: नकाशावरील खूण तपासावी, हस्तपत्रकांतील मजकूर युनिकोडांत टंकून पानावर घालावा, आणि गेल्या वर्षभरांत गिऱ्हाइकांनीं दूरध्वनीवर विचारलेले दहा प्रश्न आठवून त्यांचीं खरीं उत्तरें खालीं लिहावींत. पुढचा महिना उजाडेल तेव्हां जमाखर्च पाहण्यासारखें कांहींतरी हातीं असेल.